एआय एजंटसाठी भौतिकशास्त्राच्या कॅल्क्युलेटरचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रक्षेप्य गती, साधा लंबक, आदर्श वायू अशी शाळा-कॉलेजच्या पातळीवरची गणितं सोडवणारं एक कॅल्क्युलेटर टूल तयार आहे. सूत्रं तपासलेली आहेत, सगळ्या टेस्ट पास होतात. पण एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या मॉडेलला, ते जोडलं की तो कधी भलतं एकक पाठवतो, कधी चुकीचं टूल निवडतो, तर कधी आलेलं उत्तर नीट वाचत नाही. टूलच्या वर्णनात नेमकं काय लिहायला हवं?

अशा वेळी दोष बहुतेकदा सूत्रांत नसतो, न लिहिलेल्या गृहीतकांत असतो. कॅसिओचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्याच्या वरच्या कडेला बारीक ‘डी’ (अंश) किंवा ‘आर’ (रेडियन) दिसतो. उत्तर विचित्र आलं की तो आधी तिकडे बघतो. एजंटपुढे असा पडदाच नसतो. त्याला तीन गोष्टी दिसतात: टूलचं नाव, टूलचं वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे कोणता पॅरामीटर कोणत्या प्रकारचा हवा याचा आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याच्या एमसीपी या मानकात, हेच तीन भाग मुख्य आहेत. इतरांच्या फंक्शन कॉलिंगमध्येही (मॉडेलने टूल मागवण्याची सोय) शब्द थोडे वेगळे असले तरी मांडणी हीच आहे. रीडमी फाइल, वेबसाइटवरचं मदतीचं पान, कोडमधल्या कॉमेंट यातलं काहीही एजंटला आपोआप दिसत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्य लिहिताना एकच गोष्ट तपासा: इथे एजंट चुकला तर ती चूक एरर म्हणून समोर येईल, की बरोबर दिसणारं चुकीचं उत्तर होऊन पुढे जाईल? एरर आली तर फार बिघडत नाही, ती वाचून एजंट दुसऱ्यांदा नीट कॉल करतो. गुपचूप चुकलेलं उत्तर मात्र थेट वापरणाऱ्यापर्यंत जातं, आणि तेही आत्मविश्वासाने लिहिलेल्या चार ओळींसकट.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. चेंडू २० मी./से. चालीने ४५ अंशांत फेकला. पल्ला = चाल² × साइन(२ × कोन) ÷ गुरुत्व त्वरण. ४०० × १ ÷ ९.८०६६५ = ४०.७९ मीटर. आता समजा टूलला कोन रेडियनमध्ये हवा आहे, वर्णनात फक्त ‘कोन’ लिहिलंय आणि एजंटने ४५ पाठवले. साइन(९० रेडियन) येतो ०.८९४, आणि पल्ला ३६.४७ मीटर. हे उत्तर पाहून ना एजंट थबकेल, ना विद्यार्थी. दहा-अकरा टक्क्यांचा फरक नजरेत भरत नाही. तीच चूक ३० अंशांवर झाली तर साइन(६० रेडियन) उणे ०.३०५ येतो आणि पल्ला उणे १२.४३ मीटर. इथे गडबड झाल्याचं लगेच कळतं, कारण खरं उत्तर ३५.३२ आहे. म्हणजे डॉक्युमेंटेशनमध्ये हमखास दिलं जाणारं ४५ अंशांचं उदाहरण हेच सगळ्यात वाईट उदाहरण आहे. उदाहरणातला आकडा असा निवडा की एकक चुकलं तर चूक लगेच लक्षात येण्याइतकं उत्तर बदलेल.

उलट दिशेची चूक आणखी छुपी असते. टूलला अंश हवेत आणि एजंटने पाय (π) भागिले चार, म्हणजे ०.७८५४ पाठवले. तुमची ० ते ९० ही मर्यादा त्याला अडवत नाही आणि पल्ला येतो १.१२ मीटर. हे पकडायला एक सोपी युक्ती आहे. काटकोन रेडियनमध्ये १.५७१ असतो, म्हणजे फेकण्याचा कोणताही कोन रेडियनमध्ये दिला तर तो आकडा २ पेक्षा कमीच असणार. कोन शून्याहून जास्त आणि २ पेक्षा कमी आला, तर उत्तर द्या, पण सोबत सूचना जोडा: ‘कोन २ अंशांहून कमी आहे, तो रेडियनमध्ये असेल तर अंशांत रूपांतर करून पुन्हा पाठवा.’ हे टूल असं वागतं हेही वर्णनात लिहून ठेवा.

आता नावांकडे. एकक वर्णनात लिहिणं पुरेसं नाही, ते पॅरामीटरच्या नावातच हवं. नावं इथे देवनागरीत दाखवतो आहे, कोडमध्ये ती रोमन अक्षरांत येतील. ‘कोन’ नको, ‘कोन_अंश’ हवं. ‘चाल’ नको, ‘चाल_मी_प्रति_से’ हवं. कारण साधं आहे: एजंट कॉल लिहितो तेव्हा वर्णन बरंच वर राहिलेलं असतं, नाव मात्र त्याच क्षणी त्याला स्वतः लिहावं लागतं. ‘कोन_अंश’ लिहून पुढे ०.७८५ लिहिणं अवघड जातं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ गमावलं गेलं. त्यातही न्यूटन-सेकंद हे एकक इंटरफेसच्या दस्तऐवजात ठरलेलं होतं, पण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये आकडे पाउंड-बल-सेकंदांत जात होते. फरक ४.४५ पटीचा. एकक कागदावर होतं, आकड्यासोबत नव्हतं.

एसआय एककंच घ्यायची की आकडा आणि एकक अशी जोडी घ्यायची? यावर सरसकट नियम करू नका. लांबी, वस्तुमान, वेळ यांच्यासाठी एकच एसआय एकक ठेवा. ताशी ७२ किलोमीटरचे २० मी./से. करणं एजंटला जमतं. दाबासाठी मात्र जोडी घ्या आणि चालणाऱ्या एककांची बंद यादी स्कीमात द्या: पास्कल, बार, अॅटमॉस्फिअर, पीएसआय, पाऱ्याचे मिलिमीटर. लोक दाब खरोखरच या पाचही एककांत आणतात आणि पीएसआयचा ६८९४.७६ हा गुणक एजंटने आठवणीतून वापरण्यापेक्षा तुमच्या कोडने वापरलेला बरा.

दाबाचा विषय निघालाय तर तिथे जरा थांबू, कारण एककापेक्षाही मोठा खड्डा तिथे आहे. गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली, टायर २७ अंश सेल्सिअसवरून ५७ अंशांपर्यंत तापला, आकारमान तेवढंच राहिलं. दाब किती होईल? पंपावरचा काटा दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब, म्हणजे गेज दाब. आदर्श वायूच्या सूत्राला निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणासकटचा, लागतो. ३२ पीएसआय म्हणजे २२०.६ किलोपास्कल, त्यात १०१.३ मिळवून सुमारे ३२२. तापमानांचं गुणोत्तर ३३०.१५ ÷ ३००.१५, म्हणजे जवळपास १.१. ३२२ चे ३५४.१ होतात, त्यातून वातावरण वजा केलं की २५२.८ किलोपास्कल, म्हणजे काट्यावर ३६.७ पीएसआय. गेज दाब तसाच सूत्रात घातला तर उत्तर येतं ३५.२. सेल्सिअसचे आकडे तसेच घातले तर ६७.६. शेवटची चूक कुणाच्याही लक्षात येईल. मधली येणार नाही, कारण ३५.२ हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे. म्हणून पॅरामीटरचं नाव ‘निरपेक्ष_दाब’ ठेवा, किंवा ‘दाबाचा_प्रकार’ हा सक्तीचा पॅरामीटर ठेवा, त्यात ‘निरपेक्ष’ आणि ‘गेज’ असे दोनच पर्याय द्या. त्याला डिफॉल्ट, म्हणजे काही न पाठवल्यास धरायचं मूल्य, देऊ नका. डिफॉल्ट दिलात की एजंट प्रश्न विचारायचं सोडून देतो.

तापमानाबाबतही तेच. ‘तापमान_केल्व्हिन’ आणि ‘तापमानातील_फरक_केल्व्हिन’ ही दोन वेगळी नावं ठेवा. १० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे १० केल्व्हिन, २८३.१५ नव्हे, पण नावात नुसतं ‘तापमान’ असेल तर २७३.१५ मिळवण्याचा मोह एजंटला होतोच.

वर्णनात चार गोष्टी हव्यात: टूल काय काढतं, काय धरलेलं नाही, कधी वापरू नये आणि त्याऐवजी कुठे जायचं. यातल्या तिसऱ्या-चौथ्या गोष्टी बहुतेक ठिकाणी गाळलेल्या दिसतात, आणि चुकीचं टूल निवडलं जाण्याचं मुख्य कारण तेच असतं. नमुना असा:

नाव: प्रक्षेप्य_गती_हवेच्या_रोधाविना

वर्णन: दिलेल्या चालीने आणि कोनात फेकलेल्या वस्तूचा आडवा पल्ला, जमिनीपासूनची सर्वोच्च उंची आणि हवेतला एकूण वेळ काढते. हवेचा रोध, वारा आणि वस्तूची फिरकी धरलेली नाही. जमीन सपाट आणि गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखं धरलं आहे. वस्तू सुरुवातीच्या उंचीवरून निघून शून्य उंचीवर पडते असं मानलं आहे. कोन क्षितिजापासून वर, अंशांत, ० ते ९०. क्रिकेट, बॅडमिंटन, बंदुकीची गोळी अशा खऱ्या परिस्थितीत वस्तू किती दूर जाईल हे सांगायला वापरू नका. पल्ला माहीत असून कोन काढायचा असेल तर ‘प्रक्षेपण_कोन_शोधा’ वापरा. उदाहरण: चाल २० मी./से., कोन ३० अंश, सुरुवातीची उंची १.५ मी. दिल्यास पल्ला ३७.७५ मी., सर्वोच्च उंची ६.६० मी., वेळ २.१८ से.

एवढं पुरे. याहून लांब लिहायचा मोह आवरा. टूलची वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जातात, त्यामुळे इथला प्रत्येक शब्द दरवेळी टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) खातो. देवनागरीत तर जास्तच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि तोच मजकूर इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त टोकन घेतो. सूत्राची सिद्धता, इतिहास, आवृत्त्यांची यादी हे सगळं वर्णनाबाहेर ठेवा.

‘काय धरलेलं नाही’ हा भाग का महत्त्वाचा, ते आकड्यांतच बघा. ताशी १२६ किलोमीटरने, म्हणजे ३५ मी./से. ने ४५ अंशांत उडालेला चेंडू या सूत्राने १२४.९ मीटरवर पडतो. प्रत्यक्षात हवेमुळे तो बराच अलीकडे पडतो. हवेचा उल्लेख नसलेलं वर्णन वाचून एजंट हा आकडा षटकाराची लांबी म्हणून सांगून मोकळा होईल. साध्या लंबकाचंही तसंच आहे. १ मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल २.००६ सेकंद, पण तो लहान कोनापुरता. लंबक ३० अंश बाजूला ओढून सोडला तर खरा आवर्तकाल १.७ टक्क्यांनी जास्त असतो, ६० अंशांवर ७.३ टक्क्यांनी. ‘लहान कोनासाठी’ असं नुसतं लिहिलं तर एजंट ३० अंशांना लहानच समजेल. लिहायचं असं: ‘आयाम १० अंशांपर्यंत चूक ०.२ टक्क्यांच्या आत राहते. ३० अंशांहून जास्त असेल तर एरर येते.’

स्थिरांकांवर थोडं सविस्तर, कारण मराठी विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या टूलमध्ये सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात. टूल बहुधा गुरुत्व त्वरण ९.८०६६५ वापरतं, १९०१ मध्ये वजन-मापांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने ठरवलेलं हे प्रमाण मूल्य आहे. पाठ्यपुस्तक ९.८ घेतं. प्रवेश परीक्षेच्या प्रश्नात पुष्कळदा ‘१० धरा’ असं लिहिलेलं असतं. वरच्या ४५ अंशांच्या गणिताची उत्तरं अनुक्रमे ४०.७९, ४०.८२ आणि ४०.०० येतात, आणि बहुपर्यायी प्रश्नात पर्याय ४० हा असतो. म्हणून गुरुत्व त्वरण ऐच्छिक पॅरामीटर ठेवा, डिफॉल्ट किती ते वर्णनात लिहा आणि हे वाक्य जोडा: ‘प्रश्नात मूल्य दिलं असेल तर तेच पाठवा.’ चंद्रासाठी १.६२ पाठवायची सोयही यातून आपोआप होते. तो आकडा धनच हवा हेही सांगा. वरची दिशा धन धरून कुणी उणे ९.८ पाठवतोच, आणि मग पल्ला उणे ४०.८२ येतो. स्कीमात ‘शून्याहून काटेकोर मोठा’ अशी अट घाला, किमान शून्य अशी नको. शून्य पाठवला तर भागाकारात अडकाल.

मराठीत एक जादा धोका आहे. गुरुत्व त्वरण आणि गुरुत्वाकर्षणाचा वैश्विक स्थिरांक, दोन्हींना आपण तोंडी ‘जी’च म्हणतो, लिहिताना लहान आणि मोठ्या लिपीचा काय तो फरक. पॅरामीटरला एकाक्षरी नाव अजिबात देऊ नका. ‘गुरुत्व_त्वरण’ आणि ‘गुरुत्व_स्थिरांक’ पूर्ण लिहा. स्थिरांक शिफारस केलेल्या मूल्यांच्या कोणत्या संचातले ते एका ओळीत सांगा, जसं ‘कोडाटा २०२२’. प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक, अॅव्होगॅड्रो संख्या यांची मूल्यं २० मे २०१९ पासून व्याख्येनेच ठरलेली आहेत, त्यात अनिश्चितता नाही. गुरुत्व स्थिरांक मात्र अजून मोजावाच लागतो, आणि ६.६७४३० × १०⁻¹¹ यातला शेवटचा अंकही पक्का नाही. त्यावरून काढलेलं उत्तर बारा अंकांत देण्यात अर्थ नाही.

शब्दांचंही असंच. पाठ्यपुस्तकात चाल आणि वेग वेगळे, पण लोक गाडीच्या चालीला वेगच म्हणतात. ‘वजन ५० किलो’ म्हणणाऱ्याला वस्तुमान म्हणायचं असतं. टूलला बल न्यूटनमध्ये हवं असेल आणि एजंटने ५० पाठवले तर खरं मूल्य ४९०.३ असायला हवं होतं. पॅरामीटरच्या वर्णनात एक ओळ पुरते: ‘वस्तुमान, किलोग्रॅममध्ये, वापरणारा बोलताना याला वजन म्हणेल.’ हे समानार्थी शब्द मराठीतच द्या. बाकी वर्णन इंग्रजीत ठेवलं तरी चालेल, पण पल्ला, वस्तुमान, आवर्तकाल हे शब्द त्यात असले की मराठी प्रश्नावरून टूल निवडणं सोपं जातं.

आकडे देवनागरीत आले तर? जेसनमध्ये, म्हणजे एजंट आणि टूल ज्या मजकुरी स्वरूपात माहिती देतात-घेतात त्यात, संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंकच चालतात. पण पॅरामीटर मजकूर म्हणून घेतलात आणि एजंटने वापरणाऱ्याचं ‘२०’ जसंच्या तसं पुढे ढकललं, तर पायथॉनचं फ्लोट हे फंक्शन ते निमूटपणे २०.० म्हणून वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन मात्र ‘संख्या नाही’ असं उत्तर देतं. ‘१,२०,०००’ मधला स्वल्पविराम तर आणखी घातक: इंग्रजी अंकांत लिहिलेल्या या आकड्यातून जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट पहिला स्वल्पविराम दिसताच थांबतं आणि १ परत देतं, एररही नाही. तेव्हा संख्येच्या जागी संख्याच मागा, मजकूर नको.

स्कीमातले दोन बारकावे फार वेळ खातात. पहिला, जादा पॅरामीटर नाकारण्याची सूचना. ती नसेल तर एजंटने ‘सुरुवातीची_उंची_मी’ ऐवजी नुसतं ‘उंची_मी’ पाठवलं तरी काही होत नाही. ते नाव दुर्लक्षिलं जातं, उंची शून्य धरली जाते आणि ३७.७५ ऐवजी ३५.३२ मिळतात. दोन्ही पटण्यासारखे. अनोळखी नाव आलं की नकार द्या आणि जवळचं बरोबर नाव एररमध्ये सुचवा. दुसरा, जेसन स्कीमातलं डिफॉल्ट हे निव्वळ माहिती म्हणून असतं. तपासणी करणारी लायब्ररी ते स्वतःहून भरेलच असं नाही. स्कीमात ९.८०६६५ आणि कोडमध्ये ९.८१ असं झालं तर डॉक्युमेंटेशन खोटं ठरतं. दोन्ही एकाच जागेवरून घ्या.

उत्तराचं डॉक्युमेंटेशनही इनपुटइतक्याच काळजीने लिहा. उत्तरात किती आणि काय काय येतं, प्रत्येकाचं एकक काय, कोणती गृहीतकं आणि कोणती मूल्यं वापरली, हे सगळं आकड्यांसोबतच परत द्या: ‘पल्ला_मी: ३७.७५४८, वापरलेलं_गुरुत्व_त्वरण: ९.८०६६५, हवेचा_रोध: नाही’. एजंट स्वतःच्या उत्तरात हेच उचलतो, त्यामुळे ‘हवेचा रोध न धरता’ हे शब्द वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतात. आकडा तुम्ही गोल करू नका. पुढच्या पायरीत तो पुन्हा वापरला जाईल. गोल किती अंकांत करायचा हे वर्णनात सांगा, उदाहरणार्थ इनपुटइतके सार्थ अंक.

कडेच्या स्थिती नावानिशी लिहा. सरळ वर, म्हणजे ९० अंशांत फेकलं तर पल्ला शून्य हवा. प्रत्यक्षात फ्लोटिंग पॉइंटमुळे, म्हणजे संगणक दशांश संख्या मर्यादित अंकांतच साठवतो म्हणून, सुमारे ५ × १०⁻¹⁵ मीटर येतो, आणि एजंट हा आकडा गंभीरपणे सांगतो. कोडमध्ये तो शून्य करा आणि वर्णनात ‘९० अंशांवर पल्ला नेमका शून्य’ असं लिहा. पल्ल्यावरून कोन काढताना सहसा दोन उत्तरं असतात: २० मी./से. ला २०.३९ मीटर पल्ला १५ अंशांतही मिळतो आणि ७५ अंशांतही. तेव्हा उत्तर नेहमी यादीच असेल असं ठरवा, कधी एक आकडा आणि कधी यादी असं नको. पल्ला ५० मीटर मागितला तर उत्तरच नाही, कारण कमाल ४०.७९ आहे. ही एरर नव्हे, हे भौतिकशास्त्राचं उत्तर आहे. रिकामी यादी, सोबत कमाल पल्ला आणि ‘या चालीने शक्य नाही’ असं वाक्य द्या.

‘संख्या नाही’ आणि ‘अनंत’ ही मूल्यं जेसनमध्ये बसत नाहीत. पायथॉनची जेसन लायब्ररी ती तरीही लिहून टाकते आणि पलीकडचा काटेकोर पार्सर अख्खं उत्तर नाकारतो. जावास्क्रिप्ट त्या जागी ‘नल’ लिहितं आणि एजंटला वाटतं माहिती उपलब्ध नाही. ऋण संख्येचं वर्गमूळ, शून्याने भागाकार हे तिथपर्यंत जाण्याआधीच एररमध्ये बदला.

एररचा मजकूर हा डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, किंबहुना एजंट सगळ्यात लक्षपूर्वक वाचतो तो तोच. ‘अवैध इनपुट’ हे निरुपयोगी आहे. असं लिहा: ‘कोन_अंश १२० मिळाला, ० ते ९० हवा. कोन क्षितिजापासून मोजतात. उभ्या रेषेपासून मोजला असेल तर क्षितिजापासूनचा कोन काढून पाठवा.’ कोणता पॅरामीटर, काय आलं, काय हवं, पुढे काय करायचं. एमसीपीमध्ये अशी एरर टूलच्या निकालातच ‘एरर आहे’ या खुणेसह परत द्या. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर फेकलीत तर ती मॉडेलपर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही, आणि न दिसलेली चूक कुणी सुधारत नाही.

वरच्या टूलऐवजी ‘कोणतीही पदावली द्या, मी सोडवतो’ असं एकच टूल ठेवायचा विचार असेल तर व्याकरण अक्षरशः लिहावं लागेल. घातासाठी टोपीचं चिन्ह (^) वापरायचं की दोन फुल्या (**)? पायथॉनमध्ये टोपीचं चिन्ह बिटांची क्रिया करतं, २ टोपी ३ चं उत्तर ८ नाही, १ येतं. ‘लॉग’ म्हणजे दशमान की नैसर्गिक? लॉग १०० पहिल्यात २, दुसऱ्यात ४.६०५. उणे दोनचा वर्ग पायथॉनमध्ये कंसाविना लिहिला तर उणे ४, एक्सेलमध्ये अधिक ४. आणि आलेली पदावली थेट इव्हॅलला, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, देऊ नका, त्यातून काहीही चालवता येतं. घटनेनुसार वेगळी टूल ठेवणं अधिक सुरक्षित. पण प्रत्येक सूत्राला एक टूल असंही नको. प्रक्षेप्य, लंबक, आदर्श वायू, टक्कर अशी आठ-दहा नीट वेगळी टूल एजंटला सांभाळता येतात. चाळीस सारख्या नावांच्या गर्दीत मात्र तो चुकतो.

लिहून झालं की तपासणी अशी करा. एजंटला कोड देऊ नका, फक्त टूलची व्याख्या द्या आणि तीसेक प्रश्न विचारा. त्यातले दहा तरी असे हवेत की टूल वापरणंच चूक ठरेल: पिसाचा पल्ला, ६० अंशांचा लंबक, प्रश्नात चालच दिलेली नाही अशी गणितं. काही प्रश्न मराठीत, काही रोमन लिपीतल्या मराठीत, काहींत ताशी किलोमीटर, काहींत ‘१० धरा’. अंतिम उत्तर बरोबर आलं एवढं बघून थांबू नका. प्रत्येक कॉलचे इनपुट उघडून वाचा. टूल योग्य निवडलं का, आकडे आणि एककं बरोबर गेली का, आलेलं उत्तर बरोबर वाचलं का, या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा, कारण उपायही वेगळे आहेत. निवड चुकली तर वर्णन बदला, आकडे चुकले तर पॅरामीटरचं नाव आणि स्कीमा, वाचन चुकलं तर उत्तराची रचना. एका वेळी एकच बदल करून तेच तीस प्रश्न पुन्हा चालवा. एजंट दरवेळी तसाच वागत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न किमान तीनदा.

पुढे कधी अंशांऐवजी रेडियन घ्यायचं ठरलं, तर जुन्याच पॅरामीटरचा अर्थ बदलू नका. ‘कोन_रेडियन’ असं नवं नाव आणा, ‘कोन_अंश’ आलं की एररमध्ये नव्या नावाकडे बोट दाखवा, आणि टूलचा आवृत्ती क्रमांक प्रत्येक उत्तरात छापा.